युद्धानंतर शाळांची पुनर्बांधणी

युद्धात पडलेल्या, जळालेल्या किंवा नुसत्याच बंद पडलेल्या शाळा परत सुरू करणं याला शाळांची पुनर्बांधणी म्हणतात. नावात 'बांधणी' आहे म्हणून आपल्याला विटा-सिमेंटच डोळ्यासमोर येतं, पण माझ्या मते इमारत हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मास्तर कुठून आणायचे, त्यांना पगार कोण देणार, मुलांची बुडालेली वर्षं कशी भरून काढायची आणि पुस्तकात नेमकं काय छापायचं, खरं काम हे आहे.

तरी सुरुवात जागेपासूनच होते. पक्क्या भिंती, मोठं आवार, बहुतेक वेळा रस्त्याला लागून, त्यामुळे लढाईत शाळा सगळ्यांनाच हवी असते, कधी सैनिकांचा तळ पडतो तर कधी घरदार गेलेली कुटुंबं वर्गातच चूल मांडतात. कंबोडियात १९७५ ते ७९ सत्तेवर असलेल्या ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने राजधानी नॉम पेन्हमधल्या एका हायस्कूलचा तुरुंग केला, वर्गात विटांच्या कोठड्या उभ्या केल्या आणि हजारो माणसांचा तिथे छळ केला. ती जागा आता तुओल स्लेंग संग्रहालय आहे, शाळा तिथे परत भरली नाही. बाकी ठिकाणी आधी सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधून काढावे लागतात, कारण मधली सुट्टी झाली की मुलं मैदानातच पळणार. २०१५ साली ओस्लोमध्ये 'सेफ स्कूल्स डिक्लरेशन' आलं, शाळा लष्करी कामाला वापरायचं टाळू असं त्यात देशांनी मान्य केलंय, पण ते कायद्याने बंधनकारक नाही.

इमारत होईपर्यंत थांबत मात्र नाहीत. युनिसेफची 'स्कूल इन अ बॉक्स' नावाची पेटी असते, एक शिक्षक आणि ४० मुलांना पुरेल एवढं सामान त्यात भरलेलं, वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्र्या, आणि पेटीच्या झाकणाला फळ्याचा काळा रंग दिला की तोच फळा. वह्यांना समास आखलेला नसतो, का तर काही मुलांची लिपी डावीकडून लिहितात आणि काहींची उजवीकडून, दोघांनाही तीच वही चालली पाहिजे. ज्याने कुणी हा विचार केला त्याला मुलं कळतात.

शिक्षकांना मात्र असं पेटीत भरून आणता येत नाही. कंबोडियात १९७५ ते ७९ या चार वर्षांत बहुतेक शिक्षक मारले गेले, उपासमारीने गेले किंवा देश सोडून पळाले, मग १९७९ नंतर ज्याला जास्त येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवायचं आणि ज्याला थोडं येतं त्याने अजिबात न येणाऱ्याला, या तत्त्वावर शाळा चालू केल्या, स्वतः जेमतेम शिकलेली माणसं वर्गावर उभी राहिली. पैशाचा घोळ वेगळाच, बाहेरून मदत देणारे इमारतीला पैसे देतात कारण ते एकदाच द्यायचे असतात, पगार दर महिन्याला लागतो आणि तो थकला की शिक्षक दुसरं काम बघतो, मग नवीकोरी शाळा असते आणि वर्गात शिकवायला कुणी नसतं.

मुलंही तेवढ्यात मोठी झालेली असतात. सिएरा लिओनमधलं युद्ध १९९१ पासून २००२ पर्यंत चाललं, तिथे प्राथमिकची सहा वर्षं तीन वर्षांत उरकणारा वेगळा कोर्स काढला, कारण चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पहिलीच्या बाकावर बसायला तयार होत नाही आणि बसवलाच तर टिकत नाही. ज्यांचे दाखले, मार्कशीट जळाले किंवा पळताना मागे राहिले त्यांची परीक्षा घेऊन मग इयत्ता ठरवावी लागते.

सगळ्यात नाजूक मुद्दा पुस्तकांचा. जपानमध्ये १९४५ साली नवी पुस्तकं छापेपर्यंत मुलांच्या हातात शाई आणि ब्रश दिले आणि शिक्षक सांगतील त्या युद्धाचं गुणगान करणाऱ्या ओळी त्यांनाच काळ्या करायला लावल्या, म्हणजे काल जे पाठ करून घेतलं ते आज त्याच शिक्षकासमोर पुसायचं. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर देशाचा इतिहास शिकवणंच कित्येक वर्षं थांबवलं होतं.

बोस्नियात युद्ध १९९५ ला संपलं पण वाद शाळेत शिरला. तिथे 'एका छपराखाली दोन शाळा' असा प्रकार आहे, बोस्नियाक (बहुतेक मुस्लिम) आणि क्रोएट (बहुतेक कॅथलिक) या दोन समाजांची मुलं एकाच इमारतीत, पण अभ्यासक्रम वेगळा, वर्ग वेगळे, कुठे कुठे दारंसुद्धा वेगळी. अशा ५० हून जास्त शाळा होत्या. यायत्से गावात मुलं एकत्र शिकत होती, तिथेही २०१६ मध्ये बोस्नियाक मुलांसाठी वेगळी शाळा काढायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थीच रस्त्यावर उतरले, दोन्ही समाजाचे, आम्हाला वेगळं बसायचं नाही म्हणून. पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला.