मायएसक्यूएलच्या लॉगिनचा घोळ आजचा नाही

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ८.० व्हर्जनचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतच, त्यामुळं आपल्याकडं संभाजीनगर, लातूर, नांदेडला पतसंस्थेचे, मोंढ्यातल्या आडतीचे, कॉलेजच्या फीचे जे जुने पीएचपी भाषेतले सॉफ्टवेअर आहेत ते सांभाळणारे लोक ८.४ वर जायलेत आणि पहिल्याच लॉगिनला अडकायलेत. नेटिव पासवर्डचं प्लगिन (लॉगिन तपासायची जुनी पद्धत) ८.४ मध्ये बाय डिफॉल्ट बंद, ९.० मध्ये तर काढूनच टाकलंय. मग सगळे म्हणायले, हे काय नवीन काढलं. नवीन कुठलं, २००४ ला हेच झालं होतं आणि तेव्हा त्यात लायसनचा पण गुंता होता, जो आता बऱ्याच जणांना माहीतच नाही.

मुळात क्लायंट (डेटा मागणारं सॉफ्टवेअर) आणि डेटाबेस सर्व्हर वायरवर काय बोलतात याचा, म्हणजे प्रोटोकॉलचा, सगळ्यांनी पाळलाय असा स्टँडर्ड कधी झालाच नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेचा स्टँडर्ड आहे, पण क्वेरी कोणत्या बाइटमध्ये भरून पाठवायची यावर तो गप्प. १९९० च्या दशकात एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड कागदावर आला, बाजारात कुणी विचारला नाही. १९९२ ला ओडीबीसी (कुठल्याही डेटाबेसला एकाच पद्धतीनं बोलावायची सोय) आलं पण ते फंक्शनपुरतं, खाली ड्रायव्हर ज्याचा त्याचा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा प्रोटोकॉल टीडीएस १९८४ च्या आसपास दुसऱ्याच कंपनीत जन्मला, पुढं वाटण्या झाल्या, आणि बाहेरच्यांनी पॅकेट बघून बघून त्याचा फुकट ड्रायव्हर लिहिला तेव्हा अधिकृत कागदपत्र बाहेर आलेलंच नव्हतं, ते २००८ ला आलं. असो.

मायएसक्यूएलचा प्रोटोकॉल त्यामानानं साधा. पोर्ट ३३०६, प्रत्येक पॅकेटला चार बाइटचं डोकं, तीन बाइटमध्ये लांबी आणि एक बाइट नंबर, म्हणून एका पॅकेटची मर्यादा १६ एमबीच्या एक बाइट अलीकडं. कनेक्शन झालं की आधी सर्व्हर बोलतो, क्लायंट नाही. प्रोटोकॉल व्हर्जन १०, सर्व्हरचं व्हर्जन आणि एक रँडम स्ट्रिंग पाठवतो. क्लायंटनं त्या स्ट्रिंगमध्ये पासवर्ड मिसळून उत्तर द्यायचं, पासवर्ड स्वतः वायरवर जात नाही.

४.१ च्या आधी हे मिसळण्याचं गणित फार कच्चं होतं. यूजर टेबलात पासवर्डवरून काढलेला १६ अक्षरांचा हॅश, आणि तो हॅश कुणाच्या हाती लागला तर मूळ पासवर्ड न कळताही लॉगिन करता यायचं. म्हणजे बॅकअपची फाइल चोरली की काम झालं. ऑक्टोबर २००४ ला ४.१ पक्का झाला त्यात हे बदललं, दोनदा शा-वन (हॅश काढायचं गणित) करून ४१ अक्षरांचा हॅश, सुरुवातीला चांदणी (*), आणि नुसत्या हॅशवर आत शिरता येईना. यात चूक काहीच नव्हती, करायलाच पाहिजे होतं.

पण नवीन लॉगिन बोलायला नवीन क्लायंट लायब्ररी लागायची, आणि घोळ इथं सुरू झाला. ३.२३ ची क्लायंट लायब्ररी (सर्व्हरशी बोलणारा कोड) एलजीपीएल या सैल लायसनखाली होती, कुठल्याही सॉफ्टवेअरला जोडा, कुणी विचारत नव्हतं. ४.० पासून मायएसक्यूएल बनवणाऱ्या कंपनीनं तीच लायब्ररी जीपीएल केली, म्हणजे तिला जोडून वाटलेलं सॉफ्टवेअर पण त्याच लायसनखाली खुलं करायचं. पीएचपीचं लायसन जीपीएलशी जुळत नाही. म्हणून पीएचपी ४ च्या सोबत ३.२३ वालीच लायब्ररी येत राहिली, आणि ती लायब्ररी ४.१ च्या सर्व्हरपुढं गेली की एरर १२५१, क्लायंट हा ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल सपोर्ट करत नाही. तेव्हा ज्यानं ज्यानं पीएचपीत काम केलं त्याला हा नंबर पाठ असणार. जुलै २००४ ला पीएचपी ५ आलं त्यात मायएसक्यूएलची लायब्ररी सोबत नव्हतीच, त्याऐवजी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस देऊन टाकला. त्याच वर्षी कंपनीनं ओपन सोर्स लायसनांसाठी सवलतीची यादी काढली, त्यात पीएचपीचं लायसन घातलं. सवलत दिली म्हणून कौतुक झालं, पण गाठ मारली कुणी होती हे पण बघा ना.

आणि कंपनी लायब्ररीवर थांबली नाही. प्रोटोकॉलच्या त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रात सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की हा प्रोटोकॉलच जीपीएलखाली येतो, जो कुणी हा प्रोटोकॉल वापरून सर्व्हरशी बोलेल, सर्व्हरची नक्कल करेल किंवा मधी बसेल त्याच्यावर पण जीपीएल लागू. म्हणजे त्यांची एक ओळही न घेता स्वतः पॅकेट जुळवले तरी. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, त्या बोटांच्या खुणांवरच एखाद्या दलालानं हक्क सांगावा तसलं हे. कोड कॉपीराइटखाली येतो हे मान्य, पण कुठला बाइट कशाच्या मागं येतो ही माहिती कॉपीराइटखाली येते का? युरोपातल्या वरच्या कोर्टानं २०१२ ला एका वेगळ्या खटल्यात सांगितलं की प्रोग्रॅमचं फंक्शन, प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटा फाइलचा फॉरमॅट कॉपीराइटखाली येत नाहीत. प्रोटोकॉल हा शब्द त्यात नव्हता पण वारं कुठं वाहतंय ते दिसतं. कंपनीच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की त्यांचा धंदाच बंद सॉफ्टवेअरवाल्यांना कमर्शियल लायसन विकण्याचा होता, लायब्ररी मोकळी ठेवली तर विकत कोण घेणार. तरी प्रोटोकॉलवरचा दावा माझ्या मते भीती घालायलाच होता.

शेअर्ड होस्टिंगवाल्यांनी मधला मार्ग काढला, old_passwords हे सेटिंग चालू करून नव्या सर्व्हरवर जुनेच १६ अक्षरी हॅश चालू ठेवले. ते तसेच पाच-पाच वर्षं राहिले. मग २००९ ला पीएचपी ५.३ मध्ये मायएसक्यूएलएनडी हा पीएचपीचा आपला ड्रायव्हर आला, प्रोटोकॉल पहिल्यापासून स्वतः लिहिलेला, पीएचपीच्याच लायसनखाली, लायब्ररीचा विषयच संपला. पण त्यानं जुना हॅश बोलायला साफ नकार दिला, आणि ज्यांनी तात्पुरतं म्हणून ते सेटिंग ठेवलं होतं ते सगळे पुन्हा बाहेर. तोवर कंपनी २००८ ला विकली गेली होती, २०१० ला परत विकली गेली. मायएसक्यूएलमधून फुटून निघालेल्या मारियाडीबीवाल्यांनी स्वतःची सी लायब्ररी केली ती त्याच जुन्या ३.२३ च्या एलजीपीएल कोडवरून आणि मायएसक्यूएलएनडीवरून. आज टायडीबी, विटेससारखे किती सर्व्हर आणि प्रॉक्सी हाच प्रोटोकॉल बोलतात, सगळे काही जीपीएल नाहीत.

२०१८ ला ८.० मध्ये लॉगिनची डिफॉल्ट पद्धत बदलून कॅशिंग शा-टू केली. पहिल्या लॉगिनला, सर्व्हरच्या कॅशमध्ये नोंद नसेल तर, टीएलएस (कुलूपबंद कनेक्शन) किंवा पासवर्ड कुलूपबंद करायला सर्व्हरची आरएसए की लागते. पीएचपीत ते नीट चालायला ७.४ लागतं, आणि आपल्याकडं ५.६ वर चालणारे सर्व्हर अजून आहेत. त्यांनी तेव्हा यूजर नेटिव पासवर्डवर टाकून वेळ मारून नेली, आता ८.४ ला तेच लोक अडकलेत. सर्व्हरच्या सेटिंगच्या my.cnf फाइलमध्ये mysql_native_password=ON लिहिलं की ८.४ पुरतं चालतं, ९.० ला नाही. मारियाडीबीवर गेलात तर नेटिव अजून चालतं, त्यामुळं बरेच जण तिकडं वळायलेत, पण जेसन कॉलम आणि रेप्लिकेशनचा (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची नक्कल ठेवण्याचा) जीटीआयडी नंबर दोन्हीकडं वेगळा आहे ते आधी तपासा.