कोनाच्या मोजमापाला प्रमाण नाव हवंय? सीएफकडे प्रस्ताव असा द्या

रत्नागिरीसमोरच्या समुद्रात एकाच दुपारी दोन यंत्रांनी २७० अंश नोंदवले असं धरा. वाऱ्याच्या रकान्यात तो खारा वारा, पश्चिमेकडून किनाऱ्यावर येणारा. प्रवाहाच्या रकान्यात मात्र पाणी किनारा सोडून पश्चिमेला चाललंय. वर नुसतं ‘दिशा’ लिहिलं असेल, तर दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला हे कळणार कसं?

मराठीत ही फोड आधीपासून आहे. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. सावित्री आणि वाशिष्ठी पश्चिमवाहिनी, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या. हवामान आणि समुद्राच्या डेटासाठी जगभर वापरले जाणारे सीएफ (क्लायमेट अँड फोरकास्ट) संकेत प्रत्येक मोजमापाला एक ठरलेलं प्रमाण नाव देतात आणि हाच भेद नावात बांधतात: वाऱ्यासाठी ‘विंड_फ्रॉम_डायरेक्शन’, प्रवाहासाठी ‘सी_वॉटर_व्हेलॉसिटी_टू_डायरेक्शन’.

म्हणून आधी सीएफचा प्रमाण नावांचा तक्ता शोधून बघा. वारा, लाटा, सूर्याचा कोन यांची नावं त्यात आहेतच, आणि बहुतेकांचं काम इथेच संपतं.

तुमची राशी, म्हणजे तुम्ही मोजता ती गोष्ट, त्यात खरोखरच नसेल, तर प्रस्ताव कुणीही देऊ शकतं. पदवी लागत नाही, संस्थेचं पत्र लागत नाही, शुल्क नाही. गिटहब या संकेतस्थळावर खातं हवं. तिथे सीएफच्या शब्दसंग्रहाच्या भांडारात नवा मुद्दा (‘इश्यू’) उघडायचा आणि इंग्रजीत लिहायचं.

कागदपत्रं म्हणाल तर तीनच गोष्टी: नाव, व्याख्या, एकक. नाव लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा, स्पेलिंग अमेरिकन. खरी मेहनत व्याख्येवर घ्या. कोन कुठल्या रेषेपासून मोजला? खऱ्या उत्तरेपासून की होकायंत्राच्या? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने का? ‘कडून’ की ‘कडे’? किनाऱ्याच्या रेषेचा कोन देणार असाल, तर समुद्र रेषेच्या कुठल्या हाताला आहे तेही सांगा, नाहीतर १८० अंशांचा घोळ अटळ आहे. सूर्याचा झेनिथ कोन माथ्यावर ०, क्षितिजावर ९०. उंचीचा कोन नेमका उलटा. इतकं उघड वाटणारंही लिहायचंच.

एकक म्हणून ‘डिग्री’ द्या. त्यातून रेडियनमध्ये रूपांतर होतं, त्यामुळे फाइलमध्ये रेडियन ठेवले तरी चालतात. फक्त फाइलमध्ये त्या राशीच्या ‘युनिट्स’ या नोंदीत तसं लिहिलेलं हवं, कारण १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. अक्षांश-रेखांशांचा नियम वेगळा: तिथे ‘डिग्रीज_नॉर्थ’ आणि ‘डिग्रीज_ईस्ट’च लिहा.

पुढे चर्चा उघड्यावर होते. जाणकार शब्दाशब्दावर प्रश्न विचारतात, नाव बदलायलाही सुचवतात. उत्तरं देत राहा. एकमत झालं की नाव तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत येतं. तोवर फाइलमध्ये ‘स्टँडर्ड_नेम’ (प्रमाण नावाची नोंद) देऊच नका आणि ‘लाँग_नेम’मध्ये (मोकळ्या वर्णनाची नोंद) पूर्ण वाक्यात लिहा: कुठून, कशापासून, कुठल्या एककात.