धातूचा रायफल दस्ता (क्रीडा नेमबाजी)

नेमबाजाच्या शरीराच्या मापाला जुळवून घेता येणारा, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा रायफलचा आधारभाग. नळी आणि ॲक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा) यांना धरून ठेवणारा हा भाग नेमबाजाच्या खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकतो. रेंजवर त्याला ‘स्टॉक’च म्हणतात. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारांत त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. उल्मच्या आन्शुट्झ व वाल्थर आणि ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपन्या त्याच्या प्रमुख उत्पादक आहेत.

पूर्वीचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे असत. लाकूड हवेतली ओल शोषून फुगते आणि वाळले की आकसते. मग ॲक्शन ज्या खाचेत बसते तिथला दाब बदलतो आणि गोळ्या दुसरीकडे लागू लागतात. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो. तिथे एवढा फरकही महागात पडतो. ॲल्युमिनियम ओल शोषत नाही. उष्णतेने ते प्रसरण पावते, पण सर्व दिशांना सारखेच, आणि थंड झाले की मूळ मापावर येते.

६०६१ किंवा ७०७५ या मिश्रधातूंचा ठोकळा संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्रावर कोरला जातो. ॲल्युमिनियम अक्रोडाच्या लाकडाच्या जवळजवळ चौपट घन असल्याने भरीव दस्ता चालत नाही. एअर रायफलला एकूण ५.५ किलोची मर्यादा आहे, म्हणून जिथे ताण कमी तिथला धातू काढून टाकतात. शेवटी ॲनोडायझिंगने, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवून, पृष्ठभाग टणक केला जातो.

खरे कौशल्य मात्र मापे जुळवण्यात आहे. दस्त्याची लांबी, खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटची उंची व कल, गालाखालच्या चीक पीसची उंची आणि पकडीचे चापापासूनचे अंतर, ही सगळी मापे एकमेकांत गुंतलेली असतात. चीक पीस योग्य उंचीवर असेल, तर गाल टेकवताच डोळा आपोआप मागच्या साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) छिद्रामागे येतो. मान ताणावी लागली, तर कितीही महागडा स्टॉक निरुपयोगी ठरतो. त्यामुळे आधी नेमबाजाची उभे राहण्याची ढब पक्की व्हावी आणि मग स्क्रू फिरवावेत. नवशिक्यांकडून नेमके याच्या उलट घडते. प्रत्येक माप वहीत नोंदवणे आणि ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) दर वेळी सारख्याच जोराने आवळणे, ही चांगल्या नेमबाजाची शिस्त.

धातूच्या दस्त्यातही लाकूड उरतेच. हाताची पकड बहुधा अक्रोडाचीच असते. कानशीने घासून आणि लागेल तिथे वूड पुट्टी भरून ती पंजाच्या आकाराची केली जाते.

५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये एकच रायफल गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून चालवायची असते. स्थिती बदलली की बट प्लेट आणि चीक पीसही हलवावे लागतात आणि तो वेळ स्पर्धेच्याच वेळेतून जातो. खुणा केलेला, झटपट सरकणारा धातूचा दस्ता इथे सर्वाधिक उपयोगी पडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, त्यामुळे परवान्याशिवाय ते घडवता येत नाहीत.