कठीण दगड म्हणजे जुना दगड?

‘दगड जितका काळा आणि कठीण, तितका जुना’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण आधीचा कोण हे थरांच्या जागेवरून ठरतं.

सह्याद्रीत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. ते बहुतेक आजही आडवेच आहेत, म्हणून खालचा थर आधीचा. घाटात दोन काळ्या थरांमध्ये कधी मऊ, तांबडा पट्टा दिसतो, तो नीट बघा. खालच्या लाव्हाचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजून तो तयार झाला, मग वर नवा लाव्हा आला. म्हणजे हा मऊ पट्टा वरच्या कठीण कातळाहून जुना! आणि थरांना उभी चिरत गेलेली भिंतीसारखी डाइक (भेगेत शिरून थिजलेला लाव्हारस) दिसली, तर ती त्या सगळ्या थरांनंतरची, कारण चिरायला थर आधी असावे लागतात.