प्रोटॉन म्हणजे डाळिंब नव्हे!

परवा सांगलीत भाचीच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका पोरानं आटपाडीचं डाळिंब टेबलावर आपटून फोडलं, दाणे सगळीकडे उडाले आणि म्हणाला, "कण आपटले की आतले कण असे बाहेर पडतात." पोराचा दोष नाय, आम्हालाबी ११वीला असंच सांगितलेलं, पण हे चूक आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

१९५५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत बर्कलीला बेव्हाट्रॉन नावाच्या मशीनमध्ये सेग्रे, चेंबरलेन आणि त्यांच्या टीमनं वेगवान प्रोटॉन तांब्यावर आपटवले आणि अँटिप्रोटॉन सापडला, म्हणजे प्रोटॉनइतकाच जड पण उलट्या विद्युतभाराचा कण. आता हिशोब बघा, टकरीत दोन प्रोटॉन गेले, एक येणारा आणि एक तांब्यातला, आणि बाहेर आले ते दोन्ही प्रोटॉन, वर एक नवा प्रोटॉन आणि एक अँटिप्रोटॉन! म्हणजे दोन डाळिंबं आपटली आणि चार अख्खी डाळिंबं मिळाली की ओ, त्यातलं एक उलट्या जातीचं. फुटून असं होईल का?

नवी जोडी बनते ती वेगाच्या ऊर्जेतून, आइन्स्टाइनचं समीकरण ते हेच. जोडीच का, तर विद्युतभाराची बेरीज बदलता येत नाही, प्लस आला की मायनस पायजेच, आणि प्रोटॉनसारख्या जड कणांचा हिशोबबी तसाच जुळावा लागतो. जोडीच्या वस्तुमानाला साधारण १.९ जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) पुरतात, पण समोरचा प्रोटॉन स्थिर असला तर येणाऱ्याला ५.६ जीईव्ही लागतात, कारण संवेग टिकवायला बाहेर पडणाऱ्या चौघांनाबी पुढं पळत राहावं लागतं आणि बरीच ऊर्जा त्यातच जाते.