काचेतला खंड्या आणि खणातला खंड्या

मुंबईच्या फोर्टमध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाउस अगदी शेजारी शेजारी आहेत. पेंढा भरलेले पक्षी दोन्हीकडे, तेव्हा एक पाहिलं की दुसरंही पाहिल्यात जमा, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो होण्यासारखं नातंही आहे. सोसायटी 1883 साली भायखळ्याच्या म्युझियममध्ये स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पुढे 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचा प्राणिविभाग सोसायटीच्याच मदतीने आणि तिच्याच संग्रहातल्या नमुन्यांवर उभा राहिला. म्हणजे म्युझियममधले काचेआडचे आणि सोसायटीच्या कपाटांच्या खणातले पक्षी एकाच घरचे. कामं मात्र वेगळी, इतकी की एकाने दुसऱ्याचं काम करायचं म्हटलं तर जमणार नाही.

आधी काचेतला खंड्या घेऊ. तो फांदीवर बसलेला असतो, मान जरा वळवलेली, खाली रंगवलेलं पाणी. आत तार, डोळे काचेचे. पाच वर्षांच्या मुलालाही त्याच्याकडे पाहून कळावं की हा पक्षी पाण्याकाठी टपून बसतो. सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या देखरेखीखाली म्युझियममध्ये असे देखावे तयार झाले ते याच हेतूने. कोकण किनाऱ्यावर कधी न गेलेल्या माणसाला किनारा एका नजरेत दिसावा. त्यासाठी थोडी नाटकबाजी चालते. खाडीतला एक, खडकावरचा एक असे पक्षी एकाच चौकटीत आणता येतात, कोणता कुठून आला हे पाटीवर नसलं तरी बिघडत नाही. माशांच्या बाबतीत तर नाटकावाचून गत्यंतरच नसतं. पापलेट स्पिरिटमध्ये ठेवला की काही दिवसांतच पांढुरका पडतो, म्हणून दालनांत बहुधा साच्यातून काढून रंगवलेला मासा लावतात. शिंपले-शंख तेवढे दोन्हीकडे सारखेच देखणे राहतात.

खणातला खंड्या पाहायला तसा केविलवाणाच. उताणा पडलेला, पंख अंगाशी मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस. पोटातही कापूसच. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल हे विष चोळत, त्यामुळे हाताळणारे आजही जपून हाताळतात. असे पंधरा-वीस खंड्ये एका खणात ओळीने निजलेले असतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटतं की हा दालनात न मावलेला माल असावा. खरी गोष्ट उलटी आहे. सोसायटीकडे पक्ष्यांचेच पंचवीस हजारांहून जास्त नमुने आहेत आणि ते मांडायला ठेवलेलेच नाहीत. उजेडात पिसं विटतात. खंड्याचा निळा रंग पिसांच्या रचनेतून येतो, म्हणून तो टिकतो. पोटावरचा तपकिरी मात्र दिव्याखाली फिका होत जातो. अंधारा खण ही त्याची हक्काची जागा.

त्याची सगळी किंमत पायाला बांधलेल्या चिठ्ठीत आहे. गाव, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. चिठ्ठी तुटून पडली तर उरतो नुसता पिसांचा गोळा, आणि तो दालनात ठेवावा म्हटलं तर तिथल्या रुबाबाचाही नसतो. एकाच जातीचे इतके नमुने कशाला, हा प्रश्न इथेच सुटतो. हिवाळ्यात आपल्या पुळणींवर दिसणारा बाकचोच तुतारी हा पाहुणा पाणपक्षी राखट असतो, आणि परतीच्या आधी एप्रिलअखेर त्याच्या अंगावर विटकरी रंग चढू लागतो. दालनात यातला एकच लावता येईल. खणात ऑक्टोबरपासून मेपर्यंतचे ओळीने ठेवून बदल कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे पाहता येतं. गेल्या काही वर्षांत लेसर सँड प्लव्हर या चिखल्याच्या दोन स्वतंत्र जाती मानल्या जाऊ लागल्या. मग शंभर वर्षांपूर्वी अमुक खाडीत मिळालेला कोणता? चिठ्ठी असेल तर तळपायाच्या कातडीचा कण घेऊन डीएनए तपासता येतो. चिठ्ठी नसेल तर जात कळेल, खाडी कळणार नाही.

संग्रह करणाऱ्यांना पुढे काय विचारलं जाईल हे बहुतेकदा ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये पक्षितज्ज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली. 1947 च्या सुमारापासून कवच एकाएकी पातळ झालेलं दिसलं, आणि डीडीटी या कीटकनाशकाचा माग लागला. ती अंडी जमवणारे छांदिष्ट होते, ती अशा कामी येतील हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चिठ्ठी खोटी निघाली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे जुने नमुने 1884 पर्यंतचे. त्यानंतरचा एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचा, 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा तो ब्रिटिश म्युझियममधूनच चोरून नवी चिठ्ठी लावलेला जुना नमुना निघाला. तो बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग घेतला, आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 2014 मध्ये तो उत्तर कोकणात, तानसा अभयारण्यातही दिसला. चोराच्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची इतकी वर्षं दिशाभूल केली, याचा मला अजून राग येतो.

लहानग्या सालिम अलींनी मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घ्यायला सोसायटीत नेली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला दाखवले ते खण होते, हे सांगायचं सहसा राहून जातं. आणि हाच मुलगा पुढे 1926 मध्ये शेजारच्या म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता झाला, म्हणजे काचेपुढे उभा राहून लोकांना समजावू लागला. नंतर ती नोकरी गेली आणि अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला.

दालन पाहायला म्युझियमचं तिकीट पुरतं, मुलांना न्यायचं तर तिथेच न्यावं. सोसायटीचा संग्रह अभ्यासकांसाठी आहे. तिथे काय पाहायचं आणि कशासाठी, हे आधी कळवून परवानगी घ्यावी लागते, आणि ‘सहज बघायला’ हे कारण चालत नाही.