जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स नेमका कुठे तापतो?

रोटाव्हेटर (ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) तासभर चालवला की सीटखालचं हाउसिंग इतकं तापतं की त्याला पाय टेकवत नाही, ही जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार. त्यावरचा पहिला उपायही ठरलेला: ऑइल बदला. नवं ऑइल घातल्यावर थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. ऑइल खराब असेल तर ते बदलायलाच हवं, पण उष्णता कुठे तयार होतेय हे आधी शोधलं पाहिजे. गिअरबॉक्स न खोलताही ते बऱ्याच अंशी कळतं.

थोडं तापणं रास्तच आहे. ४० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३० किलोवॅट. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, तेल घुसळतात, आणि दर जोडीमागे एक-दोन टक्के शक्ती अशी खर्ची पडते. इंजिनापासून चाकापर्यंत तीन-चार जोड्या धरल्या, तर भर कामात एक-दीड किलोवॅट उष्णता हाउसिंगमध्ये सतत उतरत असते. अंघोळीच्या बादलीत टाकायचा हीटिंग रॉड एवढाच असतो. जुन्या साध्या ट्रॅक्टरांत गिअरच्या तेलाला बहुधा वेगळा रेडिएटर नसतो, त्यामुळे ही उष्णता बिडाच्या भिंतींतून वाऱ्यालाच जाते. मे महिन्यात, ४२ अंशांत, मुंगीच्या चालीने रोटाव्हेटर ओढताना तो वाराही पुरत नाही.

म्हणून आधी मोजा. ६० अंशांच्या लोखंडावर तळहात काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हा ढोबळ अंदाज. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर उत्तम. मात्र पुसून चकचकीत केलेल्या धातूवर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून रंग असलेल्या, मंद पृष्ठभागावरच धरावी. क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियलचा (दोन्ही मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरचा) भाग आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक: काम सुरू करताना आणि मग दर पंधरा मिनिटांनी इथले आकडे लिहून ठेवा.

फक्त क्लचकडचा भाग तापत असेल, जळका वास येत असेल आणि इंजिन ओरडतं पण ट्रॅक्टर ओढत नाही असं असेल, तर क्लच घसरतोय. पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची पॅडलची मोकळी चाल, तपासा. एकच बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर त्या बाजूचा ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. पुढच्या चाकांना अडसर लावा, मागचा भाग जॅकने उचलून भक्कम टेकूवर ठेवा, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवून पाहा. जड फिरणारं चाक लगेच कळतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचं अवजार उचलणारी यंत्रणा. हॅरी फर्ग्युसन यांच्या टीई-२० या ट्रॅक्टरात, १९४६ पासून, गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप एकाच तेलात बसवलेले होते. त्या वळणाचे ट्रॅक्टर आपल्याकडेही आहेत. त्यांत पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालतो, म्हणजे रोटाव्हेटर चालू असेपर्यंत पंपही फिरतच असतो. लिफ्ट पूर्ण वर गेली की कंट्रोल व्हॉल्व्हने पंपाचं तेल तोडायला हवं. लिंकेजचं (लीव्हर आणि व्हॉल्व्ह जोडणाऱ्या दांड्यांचं) सेटिंग बिघडलं की ते तुटत नाही. पंप दाबतच राहतो आणि तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की उघडणाऱ्या झडपेतून) परत टाकीत पडतं. काम काहीच होत नाही, सगळ्या शक्तीची उष्णता होते.

हिशेब करून पाहू. पंप मिनिटाला १५ लिटर तेल १५० बार दाबाने ढकलतो असं धरलं, तर ती शक्ती पावणेचार किलोवॅट होते, गिअरच्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त. तीसेक लिटर तेल एकटंच असतं तर ते मिनिटाला चार अंशांनी तापलं असतं. शेकडो किलोचं बीड त्यातली बरीच उष्णता पिऊन घेतं म्हणून चढ सावकाश दिसतो, पण अर्ध्या तासात हात लावणं मुश्कील होतं. ओळखायची खूण आवाजात आहे: लीव्हर वरच्या टोकाला असताना चिरका आवाज सतत येतो आणि लीव्हर थोडा खाली घेतला की थांबतो. असं झालं तर गिअर खोलायच्या आधी लिफ्ट तपासून घ्यावी.

आता तेल. पातळी कमी असेल तर दात कोरडे पडतात, जास्त असेल तर गिअर ते घुसळून फेस करतात, आणि दोन्ही वेळा उष्णता वाढते. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. भाताच्या चिखलणीत फिरणाऱ्या ट्रॅक्टरांत हे सर्रास होतं. ९० नंबरचं तेल ४० अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने दाट १०० अंशांवर उरतं, म्हणून तापलेल्या दातांमधला थर विरळ होत जातो. म्हणून अधिक दाट तेल घालायचा मोह होतो, पण पंप त्याच टाकीतून तेल ओढत असेल तर थंडीच्या सकाळी त्याची ओढ कमी पडते. पुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड घाला.

तेल कोमट असताना काढा, उकळतं नको. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा करडा मऊ गाळ बोटांत चोळून पाहा. तो पिठासारखा लागला तर नेहमीची झीज आहे. टोचणारे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटतंय. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चकाकी तेलातच दिसली तर ती पितळी बुशची किंवा वॉशरची. तुकडे किंवा पिवळी चकाकी दिसली तर पुढचा एकरही न करता हाउसिंग खोलायला सांगा.